ओल्या स्लॅबवरचं बिऱ्हाड

संगणकाच्या दुनियेत खरं बोलणारा मजकूर फार थोडा. जाहिरातीत वेगाच्या गप्पा असतात, करारनाम्यात कंपनीने स्वतःची सुटका करून घेतलेली असते आणि मदतीच्या पानावर आपली अडचण सोडून बाकी सगळ्यांच्या अडचणींची उत्तरं असतात. या सगळ्यात डोळे मिटून विश्वास ठेवावा असा एकच कागद मला सापडला आहे. बीटा आवृत्तीसोबत येणारी ज्ञात त्रुटींची यादी. सॉफ्टवेअर अजून अर्धवट आहे, करणाऱ्याला ते माहीत आहे आणि कुठे कुठे अर्धवट आहे ते त्याने ओळीने लिहून दिलं आहे. असा कागद मला ना कुठल्या बिल्डरकडून मिळाला, ना कुठल्या उमेदवाराकडून.

अ‍ॅपलच्या तेव्हा नव्या असलेल्या एम-१ चिपवर चालणारी 'पॅरलल्स डेस्कटॉप'ची चाचणी-आवृत्ती २०२० च्या डिसेंबरात आली, तेव्हा तिच्यासोबत अशीच यादी होती. इंटेल चिपसाठी लिहिलेली विंडोज हिच्यात बसणार नाही. चालू असलेलं आभासी यंत्र आहे त्या जागी गोठवून नंतर पुन्हा उठवता येणार नाही. खिडकी बंद करायचं बटण उपयोगाचं नाही, आतल्या विंडोजला रीतसर बंद करा. या चिपच्या एआरएम घराण्यातले ३२ बिटी प्रोग्राम चालणार नाहीत. एवढं सगळं तोंडावर सांगून वर 'या, वापरून बघा' म्हणणाऱ्याला नाही म्हणणं मला जमत नाही. लोक नवी आवृत्ती आली की आधी नवीन काय आहे ते बघतात. मी आधी काय चालत नाही ते वाचतो, आणि यादी लांब असेल तर चहा घेऊन बसतो.

ज्यांचा आभासी यंत्र या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपल्या संगणकावर एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत दुसरा संगणक सुरू होतो. त्याला स्वतःची मेमरी असते, डिस्क असते, नेटवर्क कार्ड असतं आणि यातलं जवळजवळ काहीच खरं नसतं. डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक अगडबंब फाइल. नेटवर्क कार्ड म्हणजे निव्वळ बनाव. आत चालणाऱ्या विंडोजला किंवा लिनक्सला मात्र याचा पत्ता नसतो. आपण एका सबंध यंत्राचे धनी आहोत अशा थाटात ती वावरते, सुरू होताना सगळ्या सामानाची मोजदाद करते, आणि तिला दाखवलेलं सगळं सामान खोटं आहे हे आपण बाहेरून बघत असतो. मला यात थोडा आसुरी आनंद होतो, तो मी लपवत नाही.

हा बनाव टिकवणं सोपं नाही. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका शोधनिबंधात त्याच्या अटी गणिती नेमकेपणाने मांडल्या. आतल्या प्रणालीने यंत्राच्या मालकीला हात घालणारी कुठलीही आज्ञा दिली, तर ती अडवली गेली पाहिजे आणि बाहेर बसलेल्या पहारेकऱ्याकडे आली पाहिजे. मग काय सोंग करायचं ते तो ठरवील. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर हे तेव्हा चालतही होतं. त्यांची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालची. गोची केली ती पुढे घराघरांत पोचलेल्या इंटेलच्या चिपने. अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तर तिच्यात सतरा आज्ञा अशा निघाल्या की त्या पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटतात. त्यातली 'पॉपएफ' माझी आवडती. अंगात अधिकार नसताना ती दिली, तर चिप चूक दाखवत नाही, ओरडत नाही. अधिकार लागणारा तेवढा भाग ती गुपचूप गाळते आणि पुढच्या आज्ञेकडे वळते. पहारेकऱ्याला कळत नाही की काही मागितलं गेलं, मागणाऱ्याला कळत नाही की काही मिळालं नाही. (अशी माणसं मी अनेक टेबलांमागे पाहिली होती. चिपही असते हे नव्याने कळलं.)

कॅलिफोर्नियात १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर काढलेला तोडगा इतका खटपटीचा होता की तो ऐकून मला प्रथम हसू आलं होतं. आतली प्रणाली चालत असतानाच तिचा कोड पुढे पुढे वाचत जायचं आणि अडचणीची आज्ञा दिसली की चालवण्याआधी ती बदलून टाकायची. दर क्षणाला, न थकता. १९९९ च्या मे महिन्यात त्यांचं पहिलं उत्पादन बाजारात आलं ते या बळावर. इंटेलने २००५ च्या अखेरीस चिपमध्येच पहारेकऱ्यासाठी सोय करून दिली. तेव्हा हे काम सुसह्य झालं.

आतल्या प्रणालीला खरंच कधी शंका येत नाही का? येऊ शकते. पोलंडच्या सुरक्षातज्ज्ञ योआना रुतकोव्स्का यांनी २००४ साली एक चिमुकला प्रोग्राम दाखवला. वर सांगितलेल्या सतरांपैकी एकच आज्ञा चालवून तो सांगायचा, की आपण खऱ्या यंत्रावर आहोत की खोट्या. काही व्हायरस तर आत शिरल्याबरोबर सभोवार नजर टाकतात, हार्डवेअरच्या नावांत आभासी यंत्राच्या खुणा दिसल्या की अगदी सभ्यपणे वागू लागतात. आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे, हे त्यांनी ओळखलेलं असतं.

माझी या बीटांशी ओळख झाली तो काळ मोठा धामधुमीचा होता. मॅक इंटेलकडे जाणार असं स्टीव्ह जॉब्स यांनी २००५ च्या जूनमध्ये जाहीर केलं आणि २००६ च्या जानेवारीत तसे मॅक आलेही. लगेच जगभरच्या लोकांना एकच प्रश्न पडला. चिप तीच आहे, तर मग यावर विंडोज का चालू नये? ५ एप्रिल २००६ ला अ‍ॅपलनेच 'बूट कॅम्प'ची सार्वजनिक बीटा काढली. तिच्यात विंडोज चालायची, पण मॅक बंद करून. एका वेळी एकच. त्याच आठवड्यात पॅरलल्स नावाच्या, तोवर फारशा कोणी न ऐकलेल्या कंपनीने बीटा आणली. तिच्यात दोन्ही एका वेळी. जूनमध्ये त्यांची पक्की आवृत्ती आली, डिसेंबरात व्हीएमवेअरने 'फ्यूजन'ची बीटा मैदानात उतरवली, आणि पुढच्या जानेवारीत इनोटेक या जर्मन कंपनीने आपल्या 'व्हर्च्युअलबॉक्स'चा कोड सर्वांसाठी खुला केला. अशा वेळी पक्क्या आवृत्तीची वाट बघत बसणं म्हणजे पालखी निघाल्यावर चपला शोधण्यासारखं झालं असतं.

त्या डिसेंबरातल्या पॅरलल्सच्या एका बीटात 'कोहिअरन्स' नावाची करामत आली. विंडोजचा डेस्कटॉप दिसेनासा व्हायचा आणि तिच्या प्रोग्रामांच्या खिडक्या मॅकच्या खिडक्यांमध्ये मिसळून सुट्या सुट्या फिरू लागायच्या. मॅकच्या संयमी, राखाडी पडद्यावर विंडोज एक्सपीचा तो पोपटी 'स्टार्ट' बघून सौंदर्यदृष्टी असलेल्या कुणाच्याही पोटात ढवळलं असतं. मी मात्र खुशीत होतो. बीटा वापरणाऱ्याला सौंदर्यदृष्टी परवडत नाही.

तेव्हाच्या मॅकवर एक दृश्य दिसायचं, ते आताच्या पिढीला माहीत नाही. आभासी यंत्राचं सॉफ्टवेअर आपला एक भाग थेट प्रणालीच्या गाभ्यात घुसवायचं. तिथे त्याचं पाऊल घसरलं की ते एकटं पडायचं नाही, सगळं यंत्र घेऊन पडायचं. मग पडद्यावर वरून खाली एक काळसर छाया सावकाश उतरत यायची, नाटकाचा अंक संपल्यासारखी, आणि मधोमध इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि जपानी अशा चार भाषांत सूचना यायची की संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. एवढ्या शालीनतेने काम बुडाल्याचं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्यातली जपानी अक्षरं तर पुढे पुढे चेहऱ्याने ओळखीची झाली.

आता हा उपद्व्याप मी कशासाठी करत होतो, असं कोणीही विचारील. घरात विचारलं गेलंच होतं. "अहो, विंडोजच हवी होती तर विंडोजचाच संगणक का नाही घेतला?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही. बिनतांत्रिक उत्तर असं, की आम्ही काही मित्र मिळून एक छोटा दिवाळी अंक काढत होतो आणि मराठी छपाईची सगळी दुनिया विंडोजच्या एका कोपऱ्यात येऊन थबकली होती.

हा कोपरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. युनिकोड येण्याआधीचे, आणि आल्यानंतरही बरीच वर्षं टिकलेले मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपले तुकडे मांडून बसलेले असत. कुठे काना, कुठे अर्धा 'त', कुठे रफार. तो फाँट संगणकावर असेल तर मजकूर मराठी, नसेल तर आपली अख्खी कथा इंग्रजी अक्षरांचा आणि अनोळखी चिन्हांचा लगदा. मजकूर लावायचा तो पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली, आणि देवनागरी युनिकोड त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यामुळे जग युनिकोडकडे गेलं आणि मराठी छापखाने पेजमेकर आणि जुने फाँट सांभाळत मागे राहिले. हौसेने नव्हे. लावलेली हजारो पानं त्यात अडकली होती.

आमच्या अंकाची पानं लावणारे ऑपरेटर काका पेठेतल्या एका बोळात, जिन्याखालच्या खोलीत बसत. त्यांच्या कळफलकावरची अक्षरं पुसून गुळगुळीत झाली होती आणि ती आहेत की नाहीत याच्याशी काकांना काही कर्तव्य नव्हतं. संगणकाला एक डोंगल लावलेली होती. ही अंगठ्याएवढी कळ जागेवर असेल तरच लिपीचं सॉफ्टवेअर उघडायचं. काका दसऱ्याला छपाईयंत्राच्या पूजेबरोबर तिच्यावरही झेंडूची पाकळी ठेवत. गेली तर नवी मिळायला काय यातायात पडते ते त्यांना माहीत होतं.

मी मॅकमधल्या आभासी एक्सपीत पेजमेकर चढवला, फाँट चढवले आणि एका रविवारी काकांना घरी बोलावलं. ते डोंगल रुमालात गुंडाळून घेऊन आले. ती लावताच मॅकने विचारलं, हे उपकरण कोणाला देऊ, मॅकला की विंडोजला?

काका म्हणाले, "सर, दोघांना नाही का देता येणार?"

"नाही. एकालाच."

"मग विंडोजला द्या. बिचारी आत आहे ती."

विंडोजला दिली. काही क्षण काहीच झालं नाही, मग लिपीचं सॉफ्टवेअर उघडलं आणि काकांनी त्या अनोळखी, छोट्या कळफलकावर न बघता आमच्या संपादकीयाचं पहिलं वाक्य टाइप केलं. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी मॅककडे बाजूने पाहिलं, मागून पाहिलं. "आत दुसरा कंप्यूटर नाही ना बसवलेला?" या प्रश्नाचं उत्तर मला द्यावंसं वाटलं नाही. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या कामाची याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

स्नॅपशॉट ही या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात व्यसनी चीज. आभासी यंत्र आत्ता आहे तसं जतन करायचं, मग वाटेल तो उच्छाद मांडायचा आणि नको झालं की एका क्लिकवर मागे यायचं. 'आयुष्यालाही स्नॅपशॉट असता तर' हे वाक्य इथे आपोआप लेखणीतून उतरतं, म्हणून मी ते लिहीत नाही. शिवाय ते वाक्य लिहिणाऱ्यांनी बहुधा स्नॅपशॉट फार वापरलेले नसतात. मी वापरले आहेत. पहिल्याला आपण नीट नाव देतो. मग 'चालतंय' येतो, त्यामागून 'चालतंय २', 'हा खरा चालतोय', 'फाँटच्या आधी', 'फाँटच्या नंतर', 'हात लावू नये'. प्रत्येक स्नॅपशॉटनंतर झालेले बदल वेगळ्या फाइलीत साठत जातात, फाइलींची माळ लांबत जाते आणि एके दिवशी मुख्य डिस्क भरते. मग काहीतरी काढून टाकायची वेळ येते. स्नॅपशॉट काढून टाकायचा म्हणजे त्यातले बदल शेजारच्यात मिसळायचे. त्याला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात वीज जाऊ नये म्हणून माणूस खिडकीबाहेर आभाळाकडे बघत बसतो. 'हात लावू नये' मध्ये काय आहे, ते उघडून बघायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

पण बीटाचं खरं सुख तक्रारीत आहे. तक्रार करणं हा आपल्याकडचा जुना छंद. माझ्या लहानपणी आजूबाजूच्या वडीलधाऱ्यांपैकी निम्मे लोक वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात एसटीच्या वेळापत्रकापासून आकाशवाणीच्या उच्चारांपर्यंत सगळ्याचा समाचार घेत असत, आणि उत्तर येत नसे हे त्यांनी गृहीतच धरलेलं असे. बीटात उलट कारभार. ते हात जोडून विनवतात, की आमच्या चुका काढा. त्यासाठी नमुनाही दिलेला असतो. तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. या तीन रकान्यांत बसेल अशी तक्रार लिहायला शिकल्यापासून माझं मराठी गद्य सुधारलं, असं माझे संपादक मित्र म्हणतात. विशेषणं गळाली.

एका बीटात, नाव घेत नाही, मॅकवरून उचललेला देवनागरी मजकूर आतल्या विंडोजमध्ये चिकटवला की नुसती प्रश्नचिन्हं उमटत. मी तीन रकाने भरून पाठवले. उत्तर आलं, नमुन्याचा मजकूर पाठवा. मी 'ज्ञानेश्वर', 'क्षितिज', 'दुसऱ्या', 'कृष्ण' असे निवडक अडचणीचे शब्द पाठवले. पुढच्या बिल्डमध्ये प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन आले. बाहेरच्याला यात फरक दिसणार नाही. मला ती प्रगती वाटली. प्रश्नचिन्ह म्हणजे मजकूर वाटेतच मेला, चौकोन म्हणजे मजकूर पोचला, फक्त दाखवायला फाँट नाही. त्याच्या पुढच्या बिल्डमध्ये शब्द उमटले. कुठल्या तरी दूरच्या गावात, मराठीचं एक अक्षरही न येणाऱ्या कुणीतरी 'दुसऱ्या'तल्या 'ऱ्या'वर आपली दुपार घालवली होती. मी आभाराचं पत्र लिहायला घेतलं, पण आभारासाठी रकाना नव्हता.

बीटा मंद चालते अशी कुरकूर ऐकू येते. तिला दुसरा इलाज नसतो. चुका शोधायचा कोड तिच्या पोटात असतो आणि प्रत्येक पाऊल टाकताना ती ते लिहून ठेवत असते. या नोंदींच्या फाइली सहसा कोणी वाचत नाही. मी वाचतो. रात्री झोप न येणाऱ्याने वाचाव्यात अशा त्या असतात, पण मधूनच एखादी ओळ खडबडून उठवते. 'इथे नियंत्रण कधीच येता कामा नये' अशा अर्थाची ओळ मी एकदा वाचली. लिहिणाऱ्याने ती निश्चिंत मनाने लिहून ठेवली असणार. आम्ही तिथे आलो होतो.

शहाणी माणसं सांगतात, की भरवशाचं नसेल ते सॉफ्टवेअर आभासी यंत्रात चालवून बघावं, म्हणजे बिघडलं तर आतल्या आत बिघडेल. सल्ला योग्य आहे. पण ते आभासी यंत्रच कच्चं असेल तर? आतली विंडोज आपल्या परीने पक्की असते, जमीन घट्ट आहे या भरवशावर पाय टाकत असते, आणि जमिनीची चाचणी चालू आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असतं.

मुंबई-पुण्याकडे ज्यांनी घर घेतलं आहे त्यांना भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. महापालिकेचा तो कागद यायच्या आत माणसं राहायला गेलेली असतात. लिफ्टच्या जागी खड्डा असतो, जिन्यात वाळू असते, पाणी टँकरचं असतं आणि दिवाणखान्यात वास्तुशांतीच्या पंगती उठत असतात. बीटा वापरणारा हा असा रहिवासी. आणि २०२० च्या हिवाळ्यात तर एका ओल्या स्लॅबवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, अशी बांधणी झाली होती.

झालं होतं ते असं. अ‍ॅपलने मॅकमधून इंटेलची चिप काढून स्वतःची बसवायला घेतली. ही चिप एआरएम घराण्यातली, तिची आज्ञांची भाषाच निराळी. आभासी यंत्रातली प्रणाली आपल्या आज्ञा थेट खऱ्या चिपवर चालवते, म्हणून तिला चिपचीच भाषा यावी लागते. त्यामुळे आमच्या जुन्या एक्सपीला नव्या मॅकवर थारा नव्हता. जूनमधल्या सादरीकरणात अ‍ॅपलने पॅरलल्समध्ये लिनक्स चालवून दाखवलं आणि विंडोजचं नाव काढलं नाही. एआरएमवर चालणारी विंडोज अस्तित्वात होती, पण मायक्रोसॉफ्ट ती फक्त संगणक बनवणाऱ्यांना देत असे. तुम्हाआम्हाला मिळायची ती तिची चाचणी-आवृत्ती. नोव्हेंबरात अलेक्झांडर ग्राफ या अभियंत्याने क्यूईएमयू या मुक्त सॉफ्टवेअरला ठिगळं लावून एम-१ वर ती चालवून दाखवली, आणि डिसेंबरात पॅरलल्सची ती यादीवाली आवृत्ती आली. त्याच डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने त्या चाचणी-विंडोजमध्ये इंटेलचे ६४ बिटी प्रोग्राम चालवण्याची सोय दिली, तीही चाचणीदाखलच.

म्हणजे तळाला नवीकोरी चिप. तिच्यावर चाचणीतलं आभासी यंत्र, त्यात चाचणीतली विंडोज, तिच्यात चाचणीतला दुभाष्या. आणि या सगळ्याच्या गच्चीवर बसून कोणीतरी हिशेबाचा प्रोग्राम चालवतोय. हिशेब चुकला तर जाब कोणाला विचारणार? तिन्ही मजल्यांवर 'काम चालू आहे' असा फलक. शिवाय चाचणी-विंडोजला मुदत असते. त्या तारखेनंतर ती चालायची नाही. एवढं असूनही एक लाखाहून अधिक लोकांनी ही आवृत्ती वापरून पाहिली, असं पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये पक्की आवृत्ती काढताना पॅरलल्सने सांगितलं. तोवर मला वाटत होतं, की अशी खोड असणारी माणसं फार थोडी असतील.

मायक्रोसॉफ्टने मॅकमधल्या पॅरलल्सवर एआरएमची विंडोज ११ चालवायला अधिकृत मान्यता दिली ती २०२३ च्या फेब्रुवारीत. भोगवटा प्रमाणपत्र आलं तेव्हा रहिवाशांचा घराला दोनदा रंग देऊन झाला होता.

पक्की आवृत्ती हाती आली की माझा उत्साह ओसरतो, हे घरच्यांच्याही लक्षात आलं आहे. ती झटकन सुरू होते, नोंदी लिहीत बसत नाही, आणि तिच्यासोबत ती यादी नसते. त्रुटी संपल्या म्हणून नव्हे. त्या तिथेच असतात, फक्त त्यांच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलेलं असतं. अधूनमधून एखादं अपडेट येतं आणि त्यावर 'किरकोळ सुधारणा व स्थैर्यवाढ' एवढाच मजकूर असतो. कसल्या सुधारणा? काय अस्थिर होतं? कालपर्यंत माझ्या 'ऱ्या'ची चौकशी करणारी मंडळी एका रात्रीत इतकी मितभाषी होतात, की आपलं काही चुकलं का असं वाटावं.

म्हणून २०२५ च्या जानेवारीत पॅरलल्सच्या २०.२ आवृत्तीत एक गोष्ट अगदी प्राथमिक चाचणी म्हणून आली, तेव्हा मी पुन्हा चहा ठेवला. नव्या मॅकवर इंटेलची विंडोज. आज्ञांचा एकेक करून उल्था करत, म्हणजे १९९७ साली कनेक्टिक्सचं 'व्हर्च्युअल पीसी' पॉवरपीसी चिपवर जे करत होतं, त्याच वाटेने. यादी फार सुंदर होती. हे मंद आहे, खरोखर मंद आहे, असं कंपनीने स्वतःच लिहिलं होतं. विंडोज सुरू व्हायला दोन ते सात मिनिटं लागतील. प्रणाली ६४ बिटीच हवी. यूएसबी उपकरणं चालणार नाहीत.

ऑपरेटर काका आता रोज बसत नाहीत, पण जुन्या अंकांतल्या काही कथांचं पुस्तक करायचं घाटत होतं आणि फाइली त्यांच्याच लिपीत होत्या. मी त्यांच्याकडे जाऊन यादी वाचून दाखवली.

"सात मिनिटं चालतील की," काका म्हणाले. "पूर्वी निगेटिव्ह यायला दोन दिवस लागायचे. डोंगलचं काय?"

"यूएसबी नाही म्हणतात."

"आणि आपली एक्सपी?"

"ती ३२ बिटी. तीही नाही."

"मग चालतं काय त्यात?"

"सध्या फारसं काही नाही."

काकांनी चष्मा काढून माझ्या हातातला कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. इंग्रजी ते कामापुरतंच वाचत. पण छापील कागद हातात आला की तो पुरता पाहिल्याशिवाय परत द्यायचा नाही, ही त्यांची जुनी सवय.

"म्हणजे सर, शुद्धिपत्र आधी छापलंय," ते म्हणाले. "पुस्तक अजून यायचंय."

कागद परत देताना त्यांनी एका ओळीखाली नखाने रेघ मारली. "डोंगलचं तेवढं लिहून टाका त्यांना. तीन रकाने असतात म्हणालात ना?"

त्याच रात्री लिहिलं. मधल्या रकान्यात, काय व्हायला हवं होतं तिथे, काकांच्या सांगण्यावरून पेजमेकरचंही नाव घातलं आहे.